दियोदरचा दगड आणि सूर्याच्या जुन्या खुणा

१७ ऑगस्ट २०२२च्या संध्याकाळी गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात, दियोदर तालुक्यातील रावेल आणि रांटिला या दोन गावांत आकाशातून दगड पडले. रांटिला येथे आलेला दगड कडुनिंबाच्या फांदीवर आदळला आणि त्याचे तुकडे झाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील, म्हणजे पीआरएलमधील, वैज्ञानिकांनी हे तुकडे तपासले आणि हा ‘ऑब्राइट’ या दुर्मीळ वर्गातील अशनी असल्याचे जाहीर केले. पडताना दिसलेले ऑब्राइट जगभरात मोजून दीड डझनही भरत नाहीत. भारतात या वर्गाचा याआधीचा दगड १८५२ साली पडला होता. तेव्हा ‘१७० वर्षांनंतर’ या शब्दांभोवती बातमी फिरावी, हे स्वाभाविकच होते. मात्र त्या दगडाच्या वर्णनात आणखी एक शब्द होता आणि बातमीच्या घाईत तो मागे पडला. हा अशनी ‘मोनोमिक्ट ब्रेक्शिया’ आहे, असे त्यात म्हटले होते.

ब्रेक्शियाला मराठीत ‘कोणाश्म’ असा नेटका शब्द आहे. नदीने घासून वाटोळे केलेले गोटे एकत्र जुळून जो खडक होतो तो पिंडाश्म. धारदार, कोनाकोनांचे तुकडे तसेच चिकटून जो होतो तो कोणाश्म. तुकडे सगळे एकाच जातीच्या खडकाचे असतील तर मोनोमिक्ट, अनेक जातींचे असतील तर पॉलिमिक्ट. म्हणजे दियोदरचा दगड कडुनिंबावर आदळण्याच्या फार पूर्वी, अवकाशातच कधीतरी फुटला होता आणि पुन्हा सांधलाही गेला होता. फुटणे समजण्यासारखे आहे. सांधणार कोण? जेथे पाणी नाही, चुना नाही, वर गाळाचे थर दाबत नाहीत, अशा ठिकाणी भुग्याचा दगड होतो कसा, हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला. त्याच्या उत्तरातला एक निर्णायक भाग मुंबईत लिहिला गेला.

या इतिहासाचे पहिले पानही भारतातलेच आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री बनारसजवळच्या क्राखुट गावाभोवती दगडांचा वर्षाव झाला. आकाशातून दगड पडतात, हे युरोपातील विद्वानांना त्या वेळी पटत नव्हते. जॉन लॉइड विल्यम्स याने साक्षीदारांचे कथन आणि काही दगड गोळा करून इंग्लंडला पाठवले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड आणि खनिजशास्त्रज्ञ काउंट द बुर्नों यांनी बनारसच्या दगडाबरोबर इटली, इंग्लंड आणि बोहेमिया येथे पडलेले दगड तपासून १८०२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चारही ठिकाणचे दगड एकमेकांसारखे होते आणि पृथ्वीवरील नेहमीच्या खडकांहून वेगळे होते; त्यांतील लोखंडात निकेल होते. द बुर्नोंने आणखी एक मोलाचे काम केले. दगड अखंड मानून त्याचे पृथक्करण करण्याऐवजी त्याने त्यातील धातूचे कण, गंधकयुक्त कण, गोलिका आणि त्यांना धरून ठेवणारे मातकट द्रव्य वेगवेगळे काढले. अशनी हा एकजिनसी पदार्थ नसून वेगवेगळ्या ठिकाणच्या घटकांची जुळणी आहे, या दृष्टीची सुरुवात तेथे दिसते.

पुढे १८६३ साली बर्लिनच्या गुस्ताव रोझेने अशनींच्या एका गटाला हॉवर्डच्या स्मरणार्थ ‘हॉवर्डाइट’ हे नाव दिले. या नावात एक गंमत दडलेली आहे. हॉवर्डाइट हा मूळ खडक नव्हेच. युक्राइट आणि डायोजेनाइट या दोन वेगळ्या खडकांच्या चुऱ्याचे ते मिश्रण असते. रोझेने ज्याला एक जात म्हणून नाव दिले, ते प्रत्यक्षात एका लघुग्रहाच्या पृष्ठभागावरचे केरकचऱ्यासह गोळा झालेले दळण होते.

फुटकेपणाकडे थेट लक्ष वेधले ते कार्ल फॉन रायशेनबाखने. १८६० साली त्याने ‘अशनींच्या आत अशनी’ या विषयावर लिहिले. काही दगडांत दुसऱ्याच जातीचे, स्वतःचा स्वतंत्र इतिहास असलेले तुकडे रुतलेले असतात, हे त्याने दाखवले. त्याच्या इतर अनेक कल्पना काळाच्या ओघात टिकल्या नाहीत. हे निरीक्षण मात्र टिकले. अमेरिकेत केंटकी राज्यात १९१९ साली पडलेला कंबरलँड फॉल्सचा ऑब्राइट पाहिला की रायशेनबाखला काय म्हणायचे होते ते डोळ्यांना दिसते: पांढुरक्या खडकात कोळशासारखे काळे तुकडे, आणि ते काळे तुकडे अगदी वेगळ्या कुळातील कॉन्ड्राइटचे.

याच दशकात भारतातला पहिला ऑब्राइट लंडनच्या प्रयोगशाळेत पोचला. २ डिसेंबर १८५२ रोजी गोरखपूर आणि फैजाबाद यांच्या दरम्यान, बस्तीजवळ हा दगड पडला होता. वजन जेमतेम दीड किलोच्या आसपास. ब्रिटिश म्युझियममधील खनिजांचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांनी त्यातून पृथ्वीवर तोवर कोणी न पाहिलेली दोन खनिजे वेगळी काढली. कॅल्शियम सल्फाइडच्या तांबूस-तपकिरी गोळ्यांना त्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून ‘ओल्डहॅमाइट’ म्हटले. टायटेनियम नायट्राइडच्या अतिसूक्ष्म सोनेरी स्फटिकांना, तो दगड जपणाऱ्या जॉर्ज ऑस्बर्न यांच्यावरून ‘ऑस्बर्नाइट’. ज्यांच्या शेतांत तो पडला आणि ज्यांनी तो उचलला, त्यांची नावे कोणत्याही खनिजाला मिळाली नाहीत. त्या काळच्या विज्ञानाची ती रीतच होती आणि ती नोंदवून पुढे जावे, एवढेच.

ओल्डहॅमाइट ओलावा सहन करत नाही. दमट हवेतही ते विघटित होऊ लागते. एन्स्टॅटाइट हे ऑब्राइटचे मुख्य खनिजदेखील जवळजवळ लोहविरहित असते. म्हणजे हे दगड जेथे बनले तेथे ऑक्सिजनचा दुष्काळ होता आणि बनल्यापासून पाण्याचा स्पर्श त्यांना झाला नव्हता. कोणाश्मांच्या प्रश्नात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण पृथ्वीवर तुकडे सांधण्याचे काम बहुतेक वेळा पाणीच करते. येथे ती वाट बंद होती.

मग उरला ज्वालामुखी. व्हिएन्नात विल्हेल्म हायडिंगर आणि त्यांच्यानंतर गुस्ताव चेर्माक यांना अशनी ज्वालामुखीय राखेच्या खडकासारखे, म्हणजे ‘टफ’सारखे वाटत. १८७५ साली चेर्माक यांनी अशनींची निर्मिती आणि ज्वालामुखीक्रिया यांचा संबंध जोडणारा निबंध लिहिला: लहान खगोलांच्या पोटातील वायूंच्या स्फोटांनी त्यांचा चुरा झाला असावा. आज हे चूक ठरले असले तरी त्या काळी ते अवाजवी नव्हते. चंद्रावरची विवरेही ज्वालामुखीचीच, असे बहुतेकांचे मत होते. एखादा दगड दुसऱ्यावर आदळला म्हणजे नेमके काय घडते, हे पाहण्याची सोयच कोणाकडे नव्हती.

खरे तर पुरावा चेर्माक यांच्या हातातच होता. बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या दगडात त्यांना एक काचेसारखे द्रव्य आढळले. घडण फेल्डस्पारची, बाह्य आकार स्फटिकाचा, पण आत स्फटिकाची शिस्त नाही. १८७२ साली त्यांनी त्याला मास्केलिन यांचे नाव दिले: मास्केलिनाइट. ते कशाने होते, हे कळायला ९१ वर्षे लागली. १९६३ साली डॅनियल मिल्टन आणि पॉल डिकार्ली यांनी प्रयोगशाळेत स्फोटाच्या आघाताने फेल्डस्पारचे मास्केलिनाइट करून दाखवले. वितळून वाहण्याआधीच, आघातलहरीच्या दाबाने स्फटिकाची आतली रचना मोडते आणि बाहेरचा आकार तसाच राहतो. म्हणजे मास्केलिनाइट जेथे सापडेल तेथे प्रचंड आघात झाला होता, हे नक्की.

दहा वर्षांनी हीच खूण बुलढाणा जिल्ह्यात मिळाली. लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद फार जुना. १९७३ साली कुर्ट फ्रेडरिकसन, ए. दुबे, तेच डॅनियल मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये लोणारच्या वेधनछिद्रांतून निघालेल्या नमुन्यांची माहिती दिली. विवराच्या तळाखाली जाडाभरडा कोणाश्म होता, सूक्ष्म तुकड्यांचा कोणाश्म होता आणि त्या सूक्ष्म कोणाश्मात मास्केलिनाइट होते. बसाल्टमधील आघात-विवर म्हणून त्या काळी लोणार एकटेच माहीत होते. चंद्राच्या काळ्या मैदानांतील खडकही बसाल्टच असल्याने या नमुन्यांची तुलना अपोलोने आणलेल्या नमुन्यांशी करता आली आणि साम्य थक्क करणारे निघाले. भारतात पडलेल्या दगडावरून ओळखीची झालेली खूण भारतातल्याच विवराचे मूळ सांगून गेली. विज्ञानाच्या इतिहासात इतका सरळ धागा क्वचित सापडतो.

लोणारने कोणाश्म होण्याची पहिली रीत दाखवली. वेगाने येणारा दगड आदळतो, खडकातून आघातलहर जाते, खडक फुटतो, काही भाग वितळतो, आणि तुकडे वितळलेल्या द्रव्यासह खड्ड्यात परत बसतात. लघुग्रहांच्या पट्ट्यात असे आघात सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने होतात. बंदुकीच्या गोळीच्या कित्येक पट हा वेग आहे. तेव्हा कोणाश्म हे टकरींचे अपत्य, एवढे ठरले. पण अनेक कोणाश्मांत असे काही सापडत होते, की एका टकरीने त्याचा उलगडा होईना.

१९५६ साली गेर्लिंग आणि लेव्स्की या सोव्हिएत संशोधकांनी १९३३ साली रशियात पडलेल्या पेस्यानोये या अशनीत हेलियम, निऑन असे अक्रिय वायू मोजले. पेस्यानोये हाही ऑब्राइट आणि कोणाश्मच. त्यात वायूंचे प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी पट निघाले. अशनींत थोडे हेलियम-निऑन असतेच, कारण विश्वकिरण खडकातील अणुकेंद्रे फोडतात तेव्हा हे वायू तयार होतात. परंतु त्या निऑनची ओळख वेगळी असते: त्यात निऑन-२० आणि निऑन-२२ ही समस्थानिके जवळजवळ सारखी असतात. पृथ्वीच्या हवेत हे गुणोत्तर ९.८ आहे, तर सूर्यातून येणाऱ्या निऑनमध्ये ते १३च्याही वर जाते. पुढे सापडत गेलेल्या अशा वायुसमृद्ध अशनींतले निऑन सूर्याच्या बाजूला झुकलेले होते. काही वर्षांत आणखी एक विलक्षण गोष्ट स्पष्ट झाली. ज्या अशनींत फिकट तुकडे आणि त्यांभोवती काळपट चुरा अशी दुरंगी घडण असते, त्यांत हा वायू फक्त काळपट चुऱ्यातच असतो. शेजारच्या फिकट तुकड्यात नाही.

या वायूचा पत्ता आणखी बारकाईने शोधला तो बर्नच्या पीटर एबरहार्ट, योहानेस गाइस आणि ग्र्यॉग्लर यांनी, १९६५ साली. त्यांनी निवडलेला दगड होता सुदानमधील खोर तेमिकी, म्हणजे पुन्हा ऑब्राइटच. कणांचा बाहेरचा पातळ पापुद्रा रसायनाने काढून टाकला की वायूही जातो, असे त्यांनी दाखवले. वायू कणांच्या आत मुरलेला नव्हता, त्वचेवर बसलेला होता. सौरवात, म्हणजे सूर्यापासून सतत वाहणारा विद्युत्भारित कणांचा झोत, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येतो. त्यातील अणुकेंद्रे खडकात घुसतात ती फक्त काही डझन नॅनोमीटरपर्यंतच. केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हटला तरी चालेल. म्हणजे आज दगडाच्या पोटात असलेला कण कधीकाळी उघड्या आकाशाखाली, सूर्यासमोर, एकटा पडलेला असला पाहिजे.

तर्क सुरेख होता, पण विरोधकांना एक वाट मोकळी होती. वायू हा शेवटी वायूच. तो तापमानाबरोबर हलतो, एका कणातून सुटून दुसऱ्यावर बसतो. तेजोमेघातूनच धुलिकणांनी तो शोषून घेतला असेल, असेही म्हणता येत होते. ज्याला हलता येत नाही, असा साक्षीदार हवा होता.

तो मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडला. देवेंद्र लाल मूळचे वाराणसीचे. ज्या बर्नार्ड पीटर्स यांनी सहकाऱ्यांसह विश्वकिरणांतील जड अणुकेंद्रे १९४८ साली शोधली होती, त्यांच्या हाताखाली लाल मुंबईत तयार झाले होते. त्या काळात संशोधक छायाचित्रणासारख्या इमल्शनच्या जाड थरांवर विश्वकिरणांच्या रेषा उमटवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास त्या वाचत. सूक्ष्म रेषेवरून कण कोण, किती ऊर्जेचा, कोठून आला हे ओळखण्याची ही विद्या संस्थेच्या अंगवळणी पडली होती. साठच्या दशकात अमेरिकेतील फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी दाखवले, की खनिजांचे स्फटिक हेही एक प्रकारचे इमल्शनच आहे. लोहासारखे जड अणुकेंद्र स्फटिकातून गेले की त्याच्या वाटेवर रचना मोडते. स्फटिक योग्य रसायनात ठेवला की ती मोडलेली वाट आधी झिजते आणि सूक्ष्मदर्शकात रेघ दिसू लागते. लाल यांच्या गटाने हे तंत्र आपलेसे केले. पुढे १९७१ साली एस. कृष्णस्वामी, लाल, एन. प्रभू आणि ए. एस. ताम्हणे यांनी ऑलिव्हिन या हट्टी खनिजातील रेघा उघड करणारे रसायन शोधून ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले.

जुलै १९६९मध्ये, म्हणजे अपोलो-११ चंद्रावर उतरले त्याच महिन्यात, लाल आणि आर. एस. राजन यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. वायुसमृद्ध अशनींतील सुटे सुटे स्फटिक काढून त्यांनी रेघा मोजल्या होत्या. काही स्फटिकांत रेघांची दाटी अफाट होती, आणि तीही कडेला सर्वांत जास्त, मध्याकडे झपाट्याने कमी होत जाणारी. शेजारच्याच दुसऱ्या स्फटिकात मात्र रेघा तुरळक. त्याच अंकात पॅरिसच्या पॉल पेलास आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितले.

या उताराचा अर्थ भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निःसंदिग्ध आहे. सौरज्वालांतून येणारी लोहाची अणुकेंद्रे खडकात मिलिमीटरभरही धडपणे शिरत नाहीत. म्हणून काही शतांश मिलिमीटरच्या अंतरात रेघांची संख्या एवढी घटत असेल, तर त्या स्फटिकावर जाडसा धुळीचा थरही नव्हता. आज तोच स्फटिक दगडात कित्येक सेंटिमीटर आत आहे. तेव्हा रेघा दगड होण्याच्या आधीच्या. काही स्फटिकांत दाटी सर्व कडांना होती, म्हणजे कण उलटापालटा होत राहिला होता. शेजारी न भाजलेला कण होता, म्हणजे वरचे आणि खालचे कण पुढे एकमेकांत मिसळले होते. रेघ वायूसारखी एका कणातून उठून दुसऱ्यावर जाऊन बसत नाही. जेथे उमटली तेथेच राहते.

यातून जे चित्र उभे राहिले ते मातीचे होते. हवा नसलेल्या खगोलावर लहानमोठे दगड सतत पडत राहतात, पृष्ठभाग कुटला जातो, भुग्याचा थर साचतो. त्याला रेगोलिथ म्हणतात. प्रत्येक नवा आघात खालचे वर आणतो, वरचे गाडतो. नांगरटच ती, फक्त बैलजोडी आकाशातून येते. वर आलेला कण काही काळ सूर्य अंगावर घेतो, मग पुन्हा गाडला जातो. कधीतरी एखादा जोरदार आघात या भुग्याला दाबून दगड करतो. अशा कोणाश्माला ‘रेगोलिथ कोणाश्म’ म्हणतात. लोणारशी त्याचा भेद आता स्पष्ट होतो. लोणारच्या कोणाश्मात सौरवाताचा वायू असूच शकत नाही, कारण पृथ्वीची हवा आणि चुंबकीय क्षेत्र सौरवाताला जमिनीपर्यंत पोचूच देत नाहीत. तुकडे दोन्हीकडे सारखेच दिसतात. इतिहास मात्र अगदी निराळा.

महिन्याभरातच चंद्राची माती पृथ्वीवर आली, आणि ती सौरवायूने आणि रेघांनी ओतप्रोत निघाली. १९७१पर्यंत मुंबईतही चांद्रनमुन्यांतील लोहगटाच्या रेघा मोजल्या जात होत्या. अशनींवरून काढलेला निष्कर्ष प्रत्यक्ष मातीने खरा ठरवला, हे त्या निबंधांचे भाग्य. पण चंद्र नसता तरी त्यांचा युक्तिवाद तितकाच भक्कम राहिला असता.

आता सांधणाऱ्याचा प्रश्न. भुगा भाजून दगड करावा तर हेलियम उडून जायला हवा. काहीशे अंश सेल्सियसला तो सुटू लागतो. न भाजता नुसता दाबावा तर ढेकूळ होईल, दगड होणार नाही. आणि हे कोणाश्म तर पृथ्वीच्या वातावरणातील फरपट सोसून आलेले. उत्तर सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. आघातलहर सच्छिद्र भुग्यातून जाते तेव्हा तिची ऊर्जा सगळीकडे सारखी वाटली जात नाही. कण एकमेकांवर घासतात, मधल्या पोकळ्या कोसळतात, आणि कणांच्या संपर्कबिंदूंवर क्षणभर तापमान इतके चढते की तेवढाच भाग वितळतो. कणांचे गाभे त्या मानाने थंडच राहतात, आणि मधले वितळलेले द्रव्य त्यांना उष्णता देऊन लगेच काचेसारखे गोठते. या काचेच्या पातळ सांध्यांनी दगड बनतो. गवंड्याने विटांच्या सांध्यापुरताच चुना भरावा आणि विटा कोरड्या राहाव्यात, तसेच हे. म्हणूनच सूर्याचा हेलियम शाबूत राहिला आणि दगडही मजबूत झाला. आघात सौम्य असेल तर दगड ठिसूळ राहतो आणि आकाशात येतानाच त्याची राख होते. फार तीव्र असेल तर वायू आणि रेघा दोन्ही पुसल्या जातात. आपल्या हाती येणारे कोणाश्म या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यातले असतात, हे संग्रहालयातील दगडांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी नेहमी ध्यानात ठेवायला हवे.

१९७२ साली लाल पीआरएलचे संचालक म्हणून अहमदाबादला गेले आणि हा अभ्यासही तेथे रुजला. जितेंद्रनाथ गोस्वामी, जे पुढे चांद्रयान-१चे प्रमुख वैज्ञानिक झाले, त्याच परंपरेतले. १९८३ साली मार्क कॅफी, गोस्वामी, चार्ल्स होहेनबर्ग आणि टिमथी स्विंडल यांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. सुदानात १९४२ साली पडलेला कापोएटा हा हॉवर्डाइट आणि ऑस्ट्रेलियातील मर्चिसन यांतील कण त्यांनी दोन गटांत विभागले: सौरज्वालांच्या रेघा असलेले आणि नसलेले. रेघा असलेल्या कणांत विश्वकिरणांनी बनवलेले निऑन कितीतरी जास्त निघाले. त्यांचा निष्कर्ष असा, की तरुण सूर्य आजच्यापेक्षा खूप चंचल होता आणि त्याच्या उग्र ज्वालांनीच हे जादा निऑन बनवले. इतर संशोधकांनी आक्षेप घेतला: कण रेगोलिथमध्ये पुरेसा काळ उलथत राहिले असतील, तर साध्या विश्वकिरणांनीही तेवढे निऑन बनेल. दोन्ही बाजूंचे गणित एका गोष्टीवर अडते: कण वरच्या मीटरभर थरात किती काळ होता? लघुग्रहाचा रेगोलिथ किती वेगाने नांगरला जातो, हे स्वतंत्रपणे कळल्याखेरीज हा वाद मिटणे अवघड आहे. इतर तरुण ताऱ्यांच्या निरीक्षणांमुळे सूर्याचे बालपण उग्र होते, हे आज मान्य आहे. पण कापोएटाचे निऑन त्याचीच साक्ष देते का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि दोन्ही एक समजण्याची चूक लोकप्रिय लेखनात वारंवार होते.

हॉवर्डाइटचे घर कोणते, हे मात्र आता बऱ्यापैकी ठरले आहे. १९७० साली व्हेस्टा या लघुग्रहाच्या प्रकाशवर्णपटात याच कुळातील खडकांची खूण दिसली, आणि २०११-१२मध्ये डॉन यानाने व्हेस्टाभोवती फिरून तिला बळकटी दिली. राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातील लोहावट येथे ३० ऑक्टोबर १९९४ रोजी पडलेला दगडही हॉवर्डाइटच आहे. बनारसच्या दगडामुळे नाव मिळालेल्या हॉवर्डच्या नावाचा दगड असा भारतातही आला. हायाबुसा यानाने २०१० साली इतोकावा लघुग्रहावरून जी धूळ आणली, तिच्या कणांवर सौरवाताचे वायू थेट मोजले गेले. लाल-राजन आणि पेलास यांनी दगडावरून ओळखलेली माती प्रत्यक्ष लघुग्रहावरून हाती आली, ती ४१ वर्षांनी.

भारतीय उपकरणांनीही या गोष्टीत भर घातली आहे. चांद्रयान-१वरील ‘सारा’ या उपकरणाने दाखवले, की चंद्राच्या मातीवर येणाऱ्या सौरवाताच्या प्रोटॉनांपैकी सुमारे पंचमांशापर्यंत प्रोटॉन मातीत न मुरता हायड्रोजनचे अणू होऊन परत फिरतात. माती सौरवात जवळजवळ सगळा शोषून घेते, हे तोवरचे गृहीत होते. आज आदित्य-एल१वरील पीआरएलचेच ‘अ‍ॅस्पेक्स’ हे उपकरण सौरवाताचे कण येता येता मोजत आहे.

दियोदरकडे वळायचे तर, त्याच्या बाबतीत खरा रस येथून सुरू होतो. बस्ती, पेस्यानोये आणि खोर तेमिकी हे तिन्ही ऑब्राइट वायुसमृद्ध आहेत, म्हणजे कोण्या हरवलेल्या खगोलाच्या पृष्ठभागावरची माती. ऑब्राइट कोणाश्म असणे नवलाचे नाही. जवळजवळ सगळेच तसे असतात. पण तुकडे केवळ एका टकरीत फुटून जागीच सांधले गेले, की उन्हात पडून राहिलेल्या मातीचे ते दगड झाले, हे नुसत्या फोडलेल्या पृष्ठभागावरून किंवा खनिजांच्या यादीवरून ठरत नाही. त्यासाठी कणाकणाचे निऑन मोजावे लागते आणि एन्स्टॅटाइटच्या स्फटिकांत रेघा शोधाव्या लागतात. आणि ते तुकडे ओलावा लागण्याआधी, हाताच्या घामापासून आणि भर ऑगस्टमधल्या पावसापासून वाचलेले असावे लागतात. ऑब्राइटमधले ओल्डहॅमाइट एका रात्रीच्या पावसातही खराब होऊ शकते. दियोदर तालुक्यातील गावकऱ्यांनी तुकडे उचलून ठेवले आणि ते प्रयोगशाळेपर्यंत पोचले. बस्तीचा दगड अभ्यासासाठी लंडनला गेला होता. हा अहमदाबादला गेला, जेथे रेघा आणि निऑन वाचणाऱ्यांची परंपरा पन्नास वर्षांची आहे.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ला मंजुरी दिली. चंद्राची माती पृथ्वीवर आणणे हे त्या मोहिमेचे उद्दिष्ट आहे.